हेटीचं वजन

चौथ्या भिंतीपाशी विल्फ थांबले तेव्हा साडेसात झाले असतील. आम्ही पाचला घर सोडलं होतं. माळावरच्या दगडी भिंती ओलांडायला भिंतीतूनच बाहेर आलेल्या तीन-चार पायऱ्या असतात, त्या दवानं निसरड्या झाल्या होत्या. मी आधी वर चढले आणि मागं हात दिला. विल्फनी तो घेतला नाही. त्यांनी हातातलं यंत्र डोक्यावर धरलं होतं आणि मान कलती करून ते कान देऊन उभे होते.

यंत्र म्हणजे माशाच्या काट्यासारखी तारांची दांडी आणि तिच्या टोकाला एक डबी. त्यांच्या ससाण्याच्या, हेटीच्या, पाठीवर बोराच्या बीएवढा तुकडा बांधलेला असतो. तो जिकडं असेल तिकडं दांडी वळली की डबी टिकटिकते.

"ऐकू येतंय का काही?" विल्फनी विचारलं.

"धापेशिवाय काही नाही."

"धाप तुझीच आहे, बदके."

आमच्या भागात लहानथोर सगळ्यांना मायेनं बदक म्हणतात. पाववाला म्हणतो, बसचा ड्रायव्हर म्हणतो. सव्वीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरी येऊन मी आरशासमोर चालून पाहिलं होतं. आता एखाद्यानं म्हटलं नाही तर माझं काही चुकलं का असं वाटतं. माझं खरं नाव मंदाकिनी. विल्फनी पहिल्याच दिवशी त्याचं मँडी केलं आणि दुसऱ्या दिवसापासून तेही सोडून दिलं. मी त्यांना विल्फ म्हणते. इथं सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात. पण शहात्तर वर्षांच्या माणसाला अरे-तुरे करायला माझी जीभ वळत नाही, म्हणून लिहिताना तरी अहो-जाहो करते.

हेटी ही त्यांची ससाण्याची मादी. सात वर्षांची. अंड्यातून बाहेर आल्यावर वीस दिवसांनी त्यांनी ती आणली, तेव्हापासून त्यांच्याच मुठीवर वाढली. आदल्या दिवशी दुपारी विहिरींच्या सणात चारशे माणसांच्या देखत ती उडून गेली आणि परत आली नाही.

आमच्या एल्डरवेल गावात पाच विहिरी आहेत. दर उन्हाळ्यात ओल्या मातीवर फुलांच्या पाकळ्या बसवून चित्रं करायची, ती विहिरींवर उभी करायची, मग पाद्रीबाई येऊन पाण्याला आशीर्वाद देतात. मी दरवर्षी पाकळ्या बसवायला जाते. ज्या गावात पाण्याला हात जोडतात तिथं मला फार दिवस परकं वाटणं शक्यच नव्हतं. आशीर्वाद झाला की सगळा गाव मैदानावर. चहा, केक, बँड, आणि शेवटी विल्फचा ससाणा. वीस वर्षं हा क्रम बदललेला नाही.

त्या रविवारी पहाटे साडेचारला त्यांनी आमचं दार वाजवलं. आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच आहे. "गुडघा धरलाय. पिशवी घ्यायला कुणीतरी हवं," म्हणाले. आमचे हे जिन्यावरूनच ओरडले, "पक्षी शोधायला निघालाय की माझी बायको पळवायला?" विल्फ म्हणाले, "तुझ्या बायकोला टिकटिक बांधलेली नाही, नाहीतर विचार केला असता." आणि आम्ही निघालो.

पिशवीत चहाचा थर्मास होता, चीज घालून गुंडाळलेली ओटची घावनं होती आणि एका डब्यात मेलेली कोंबडीची पिल्लं होती. मला आता त्याचं काही वाटत नाही. पहिल्या वर्षी दूध घ्यायला त्यांचा फ्रीज उघडला आणि पिवळ्याधमक पिल्लांची चळत पाहून किंचाळले होते. त्यांची जीन तेव्हा होती. तिनं मला खुर्चीत बसवून पाणी दिलं आणि म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा अशीच ओरडले होते. लोण्याच्या शेजारी ठेवू नकोस एवढं सांगितलं, ते त्यानं तीस वर्षांत ऐकलं नाही." आमच्या घरी अंडंही शिजत नाही. पण ज्याला देवानं चोच दिली त्यानं कोबी खावा असं मी कोण सांगणार?

तर चौथी भिंत. विल्फ भिंतीवरून खाली उतरले, दोन पावलं पुढं गेले आणि एकदम थबकले. डावा हात, चामड्याचा मोजा घातलेला, हळूच वर उचलला. ओठ मिटून ती दोन सुरांची शीळ घातली, जी मी एकोणीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकत आले आहे.

समोर चाळीस पावलांवर, कुंपणाच्या खांबावर, एक पक्षी बसला होता.

मी म्हणाले, "विल्फ, तो कावळा आहे."

ते हलले नाहीत. मग हात खाली घेतला. "माहितीये. घसा साफ करत होतो."

पुढं पंधरा-वीस मिनिटांचा चढ होता. मी मनात नाम घेत होते. चढ असला की मी घेतेच. पण त्या दिवशी नाम एकीकडं आणि मन दुसरीकडं होतं. कावळा आणि ससाणा यांत मी चुकले असते तर गोष्ट वेगळी. हा माणूस ढगातला ठिपका पाहून सांगायचा की तो चंडोल आहे, आणि वर तो नर आहे हेही सांगायचा.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. गेल्या हिवाळ्यापासून विल्फ माणसाशी बोलताना मान कलती करून बाजूला बघतात. पबमध्ये त्यावरून त्यांची थट्टा चालायची, की आयुष्यभर पक्ष्यांत राहून म्हाताऱ्याची मान ससाण्यासारखी झाली. तेही हसायचे. महिन्यातून एकदा ते बसनं शहरातल्या दवाखान्यात जायचे, ते गुडघ्यासाठी असं मी धरून चालले होते.

आणि पोरांची बोटं आठवली.

खेळ करताना विल्फ मैदानाच्या मधोमध उभे राहतात. कॉलरला माइक, हातात लांब दोरी, दोरीच्या टोकाला चामड्याचं आणि पिसांचं आमिष. हेटी वर जाते, ते आमिष गरागरा फिरवतात, ती वरून सूर मारते, ते शेवटच्या क्षणाला आमिष ओढून घेतात, ती पुन्हा वर. असं आठ-दहा वेळा. तोंडानं एकीकडं चालूच असतं. "ही माझ्यापेक्षा हुशार आहे, फक्त पेन्शन माझ्या नावावर येते." या वर्षी आसपासच्या जत्रांमधल्या खेळांत त्यांनी एक नवीन काढलं होतं. पुढं गवतावर बसलेल्या पोरांना सांगायचे, "चला, हेटी कुठं गेली? बोट दाखवा बघू!" शंभर बोटं एका दिशेला वर व्हायची आणि विल्फ तिकडं वळायचे. लोकांना फार आवडलं. सणाच्या कमिटीची डोरीन तर म्हणाली, "या वयात माणूस नवीन काहीतरी काढतो, बघा!"

शनिवारी मी चहाच्या टेबलाशी होते. विल्फ ओरडले, "बोट दाखवा!" आणि पोरांनी चर्चच्या सुळक्याकडं बोटं केली. सुळक्यावर एक तांबडी घार गिरक्या घेत होती. मोठी, संथ, ऊन पडलेली. पोरांना ती हेटीपेक्षा छान दिसली असणार. विल्फ तिकडं वळले, आमिष तिकडं फिरवायला लागले. आणि हेटी त्यांच्या पाठीमागून, क्रिकेटच्या शेडवरून, जमिनीलगत बाणासारखी आली. आमिष त्यांच्या पलीकडच्या बाजूला. ती त्यांच्या खांद्याला चाटून गेली, वर चढली, एक वळण घेतलं आणि वाऱ्यावर पंख टाकून माळाकडं निघून गेली. चारशे माणसं "अरेरे" म्हणाली. विल्फ मात्र अजून त्या घारीकडं बघून हसत होते.

तेव्हा मला वाटलं, ते लोकांना धीर यावा म्हणून हसताहेत.

पाचव्या भिंतीच्या आडोशाला आम्ही चहाला बसलो. मी थर्मासचं झाकण भरून त्यांच्यापुढं धरलं. त्यांचा हात झाकणाच्या शेजारून गेला, मग परत येऊन सापडला. मी विचारलं, "विल्फ, तुम्हाला किती दिसतं?"

"पुरेसं."

"कावळा दिसला तेवढं?"

त्यांनी चहा फुंकला. खालच्या उतारावर मेंढ्या चरत होत्या. 

"मधोमध डाग आहे," विल्फ म्हणाले. "उजव्या डोळ्याचं कामच आटोपलंय. डाव्यात दर महिन्याला सुई मारतात, त्यानं तो थांबला तर थांबला. कडेकडेनं दिसतं. वाट दिसते, भिंत दिसते. बघायला जावं ते तेवढं पुसलेलं असतं. तुझा चेहरा दिसत नाही मला. कान दिसतात."

"बरे आहेत का?"

"मोठे आहेत. कुणी सांगितलं नव्हतं का?"

मी हसले आणि घावन काढून त्यांच्या हातात दिलं.

"कधीपासून?"

"गेल्या ऑक्टोबरपासून." त्यांनी घावन मोडलं. "ऐक. डोरीनला कळलं तर ऑगस्टच्या जत्रेतला खेळ गेला. खेळ गेला की लोक म्हणणार, मग पक्षी कशाला ठेवलायस? माझी भाची तर टपलेलीच आहे. ती हेटीला कुठल्यातरी पक्षी केंद्रात देईल. तिथं ती दिवसभर लाकडाच्या खुंट्यावर बसेल आणि शाळेची पोरं तिचे फोटो काढतील. माणूस घरात बसला तर बसला. ती सात वर्षं आभाळात आहे."

 डोरीनचा निरोप माझ्या फोनवर सकाळी सहालाच आला होता. "मिळाली का? आणि मला खरं सांग, विल्फ ठीक आहेत ना? ऑगस्टचं पत्रक छापायला टाकायचंय." मी उत्तर दिलं नव्हतं. मला खोटं बोलता येत नाही, आणि दुसऱ्याच्या घरातलं चव्हाट्यावर मांडायचीही सवय नाही. या दोन्हींच्या मध्ये उभं राहायला जागा फार अरुंद असते.

"पोरांनी चुकीचं बोट दाखवलं," विल्फ म्हणाले. "नाहीतर काल काही झालं नसतं."

मी विचारलं, "आणि वजन?"

ससाणा पाळणाऱ्यांचं सगळं वजनावर असतं, हे भिंतीला भिंत लावून राहिल्यामुळं मलाही माहीत झालं आहे. रोज सकाळी पक्षी तराजूवर घ्यायचा. तो भुकेला हवा, पण उपाशी नको. अर्धा औंस इकडं-तिकडं झालं की उडवायचं की नाही याचा विचार करायचा. पोट भरलेला ससाणा परत कशाला येईल? विल्फ मला एकदा म्हणाले होते, "लोकांना वाटतं तिचं माझ्यावर प्रेम आहे. ती भुकेपोटी येते. त्यात कमीपणा काय?" मी त्यावर फार विचार केला होता. मीसुद्धा देवापुढं बसते ते काहीतरी कमी असतं म्हणूनच. सगळं भरलेलं असतं तेव्हा माझीही माळ खुंटीवरच असते.

"वजन बरोबर होतं," विल्फ म्हणाले.

"तराजूचे आकडे दिसतात?"

"ईस्टरपासून अंगठ्यावर घेतो." त्यांनी उजव्या हाताचा अंगठा माझ्यापुढं धरला. "छातीच्या मधल्या हाडावरून अंगठा फिरवायचा. हाड किती वर आलंय, मांस किती भरलंय, सगळं कळतं. तराजू यायच्या आधी जग असंच चालत होतं. अंगठा खोटं बोलत नाही."

तो अंगठा रुंद, चपटा आणि चामड्यासारखा होता, नख अर्धं काळं. एकतीस वर्षं दगडाच्या खाणीत दगडाला भोकं पाडलेला अंगठा. मी काही बोलणार तेवढ्यात डबी टिकटिकली.

एकदा, मग पुन्हा. विल्फ उठले ते गुडघा विसरून उठले. दांडी डावीकडं नेली, आवाज मंदावला. उजवीकडं आणली, वाढला. त्यांचा चेहरा उतरला.

"खाणीत गेलीय," ते म्हणाले.

ती त्यांचीच खाण. बंद होऊन पंधरा वर्षं झाली, तळाशी पाणी भरलंय, आणि समोरच्या कड्यावर रानातल्या ससाण्यांची जोडी दर वर्षी पिल्लं काढते. जूनच्या शेवटी पिल्लं नुकती उडायला लागलेली असतात. अशा वेळी परकी मादी हद्दीत आली तर ती दोघं तिला जिवंत सोडत नाहीत. आणि त्यातून ती वाचली, एखादं कबूतर मारून पोटभर जेवली, तर तिला आमची गरजच उरली नाही. मग ती जाईल ती जाईलच, आणि पायातले चामड्याचे पट्टे कुठल्यातरी झाडाला अडकून उलटी लटकून मरेल. विल्फनी हे सगळं चालता चालता सांगितलं, मधेमधे श्वास घेत. मला त्यांच्या बरोबरीनं राहायला पळावं लागत होतं.

खाणीच्या काठाला तारेचं कुंपण आहे. तिथं पोचलो तर डबी इतकी जोरात वाजायला लागली की विल्फनी ती बंदच केली. "आता हिचा उपयोग नाही. आता डोळे लागतात," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं तोंड करून उभे राहिले. "सांग."

"काय सांगू? नुसता दगड आहे सगळीकडं."

"नुसता दगड? एकतीस वर्षं मी नुसता दगड बघत होतो का? डावीकडून मोज. पहिला कडा पांढरा. दुसऱ्याला मधून तडा, त्यात एक झाड उगवलंय."

"हो. आहे."

"तिसरा. त्याच्या निम्म्यात एक तांबूस पट्टा, पट्ट्याखाली बाक असल्यासारखी कड. आम्ही तिला दिवाणखाना म्हणायचो. तिथून बघायला लाग, उजवीकडं, सावकाश. दगड बघू नकोस. दगडावर जे दगड नाही ते बघ."

मी बघत गेले. पांढरे ओघळ दिसले, गवताचा झुबका दिसला. मग दिवाणखान्याच्या टोकाला, सावलीत, एक राखाडी गोळा. गोळ्यानं मान फिरवली. छातीवर आडव्या रेघा, पायात चमकणारं काहीतरी.

"सापडली! विल्फ, घुंगरू आहे पायात. हेटी आहे!"

"ओरडू नकोस. बाकीची दोघं?"

"दिसत नाहीत." तेवढ्यात पलीकडच्या कड्यावरून कर्कश ओरडणं सुरू झालं, केक-केक-केक-केक, गाडीची किल्ली फिरवावी आणि इंजिन सुरूच होऊ नये तसं. एक काळी आकृती उठून घिरट्या घालायला लागली.

"ती उठली," मी म्हणाले. "वर चाललीय."

"आता वेळ नाही." विल्फनी पिशवीतून आमिष काढलं, त्याला पिल्लू बांधलं, दोरी मोकळी केली. त्यांचे हात हे सगळं न बघता करत होते. "हेटी काय करते तेवढंच सांगत राहा. मला वाटेल काय करते ते नको. करते तेच सांग."

"बसलीय. वर बघतेय, त्या ओरडणाऱ्या बाईकडं."

"पंख?"

"मिटलेले. अंगाला घट्ट."

"भ्यालीय." त्यांनी शीळ घातली, आमिष फिरवायला लागले. दोरीचा घुमारा ऐकू येत होता. "आता?"

"आपल्याकडं बघितलं. पुन्हा वर बघितलं."

मी देवाला आजवर पुष्कळ काही मागितलं आहे. नोकरी, पोरांचे निकाल, आईचं सुखानं मरण. कुणाला भूक लागावी म्हणून मात्र कधी मागितलं नव्हतं. त्या कुंपणाला धरून मी ते मागितलं. देवा, हिला भूक लागू दे.

"डोकं वरखाली करतेय," मी म्हणाले. "सारखं. ठेका धरल्यासारखं."

विल्फ थांबले. "आपल्याकडं बघून?"

"आपल्याकडं बघून."

"अंतर मोजतेय. येते आता. कोणत्या बाजूनं येते ते सांग, आणि सुटली की 'आता' म्हण. उशीर करू नकोस बदके, काल मी केला तसा."

ती कडेवरून पुढं झुकली आणि पडली. मला ती पडलीच असं वाटलं, दगडासारखी. मी "आता! उजवीकडून, खालून!" म्हणून ओरडले. विल्फ उजवीकडं वळले आणि आमिष लांब, जमिनीसरशी सोडून दिलं. हेटी खाणीच्या काठावरून वर उसळली, घुंगरू खणखणलं, आणि गवतात धप्पकन आवाज झाला. वरची काळी आकृती आमच्या डोक्यावरून वाऱ्यासारखी गेली, माणसं पाहून वळली आणि शिव्या देत परतली.

हेटी आमिषावर पंख पसरून बसली होती, चोच उघडी, आमच्याकडं रागानं बघत. विल्फ गुडघ्यांवर खाली बसले. घाई केली नाही. गवतातून हात चाचपत, घुंगराच्या आवाजावर, पुढं पुढं सरकत गेले. मोज्यात धरलेलं दुसरं पिल्लू तिच्या पायाशी नेलं. ती चढली. त्यांनी पट्टे बोटांत पकडले, खिशातून तिची डोळे झाकणारी चामड्याची टोपी काढून डोक्यावर चढवली, दोऱ्या दातांनी ओढल्या. मग तसेच बसून राहिले. पाठ माझ्याकडं होती. मी थर्मासचं झाकण घट्ट करत बसले. ते आधीच घट्ट होतं.

परतीच्या वाटेवर विल्फ फार बोलले. जीनचं, खाणीतल्या जेवणाच्या सुट्टीचं, पहिल्या ससाण्याचं, जो त्यांच्या सासूच्या टोपीवर बसला होता. मी हं हं करत होते. मला ठाऊक होतं, घरी गेल्यावर तराजू आहे.

तराजू त्यांच्या मागच्या शेडमध्ये असतो. वर पक्ष्याला बसायला आडवी दांडी, खाली घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर मुंगीच्या पायांएवढ्या रेघा. विल्फनी हेटीला दांडीवर ठेवलं. टोपीत ती शांत बसली. काटा हलला, थरथरला, थांबला.

"नेहमी दोन पौंड दोन औंसांवर उडते," विल्फ म्हणाले. आवाज हलका ठेवला होता, पण मान कलती करून ते माझ्याकडं, म्हणजे माझ्या कानाकडं, टक लावून होते. "आता दोन-अडीच, म्हणजे दोन पौंड अडीच औंसांच्या आसपास असेल. खाल्लंय ना नुकतं."

मी चष्मा पुसला. रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. दोन-अडीच म्हणायला मला काहीच अडचण नव्हती. त्यांना कधी कळलंही नसतं. ते ऑगस्टमध्ये अंगठ्यावर वजन घेऊन पुन्हा मैदानात उभे राहिले असते आणि पोरांनी पुन्हा बोटं दाखवली असती.

"दोन पौंड चार औंस," मी म्हणाले.

विल्फनी हिशोब केला. ओठ हलत होते. "आत्ता खाल्लेलं दीड काढ. म्हणजे सकाळी दोन पौंड अडीच औंस. रात्रभरात दीड उतरलं असणार." ते थांबले. "म्हणजे काल दुपारी दोन पौंड चार होती. दोन औंस जास्त."

"दोन औंस म्हणजे पुष्कळ?"

"दोन औंस म्हणजे काल तिला माझी गरजच नव्हती." त्यांनी आपला अंगठा दुसऱ्या हातानं चोळला. "पोरांचं काही चुकलं नव्हतं. घारीचंही नाही. भरल्या पोटी मी तिला वर सोडली."

शेडच्या छपरावर चिमण्या भांडत होत्या. पलीकडून आमच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता. माझा फोन खिशात पुन्हा थरथरला.

"डोरीन?" विल्फनी विचारलं.

"सकाळपासून विचारतेय. मी उत्तर दिलेलं नाही."

"मिळाली एवढं लिही. बाकीचं मी स्वतः जाऊन सांगतो. ऑगस्टमध्ये दुसऱ्या कुणाला तरी बोलवा म्हणावं." त्यांनी हेटीला पुन्हा मुठीवर घेतलं. ती चढली, पिसं फुलवली, खाली बसवली. "खेळ गेला. पण तिला मी माळावर उडवू शकतो. तिथं माणसं नसतात. वजन बरोबर असलं तर ती शिळेवर येते, कुठून येते ते घुंगरू सांगतं, मला बघावं लागत नाही. वजन बरोबर असलं तर."

 ते काय मागणार याची मला सकाळपासून धास्ती होती. ते गप्प राहा म्हणणार असंच मी धरून चालले होते, आणि त्याचं उत्तर मी सहा मैल शोधत आले होते.

"तू शाळेच्या स्वयंपाकघरात आठला जातेस ना?" विल्फ म्हणाले. "साडेसातला इकडून होऊन जा. रोज. काटा वाचून सांग. मघाशी तुला दोन-अडीच म्हणता आलं असतं, माझ्या तोंडावरून तुला दिसलंच असेल मला काय हवं होतं. तू म्हणाली नाहीस, म्हणून तुला विचारतोय, दुसऱ्या कुणाला नाही. आणि एखाद्या सकाळी आत येशील, आणि तुला दिसेल की हिला आता माझ्या हातावर ठेवण्यात अर्थ नाही. माझा हात कापत असेल, किंवा हिच्या पिसांत काहीतरी असेल जे मला दिसत नाही. त्या सकाळीही असंच सांग, बदके. आकडा सांगितल्यासारखं. भाचीला नको, डोरीनला नको. आधी मला."